चार बोटांचं अंतर

“विमान वाट चुकलंय,” मास्तर म्हणाले आणि कात्री कापडात तशीच सोडून मशीनवरून उठले.

फोनच्या नकाशावर लेकीचं विमान म्हणजे एक पिवळा ठिपका. आपल्या घड्याळाने पहाटे चारला सुटलेलं, तेरा हजार किलोमीटर, पंधरा तास, संध्याकाळी सातला उतरणार. सात वर्षांपूर्वी ती तिकडे नोकरीला गेली तेव्हा मास्तरांनी दुकानाच्या भिंतीवरच्या नकाशाला टेप लावून रस्ता मापून ठेवला होता. समुद्रावरून सरळ आडवा. आज ठिपका मात्र वर वर चढत पार बर्फात शिरला होता. मागच्या खोलीत बायको अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, “आजचा दिवस निघेल. उद्याचं मी बोलत नाही.” आणि नेमकी आजच विमानाला ही अवदसा आठवली होती.

मास्तर धापा टाकत वरच्या मजल्यावर गेले. तिथे शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई राहत. बाईंनी ठिपका पाहिला. हसल्या नाहीत. कपाटावरून पृथ्वीचा गोल काढून त्यांनी पदराने पुसला.

“गळ्यातली टेप काढा. एक टोक लेकीच्या गावावर, दुसरं आपल्या. आता ताठ ओढा.”

मास्तरांनी ओढली. समुद्रावर धरलेली टेप सरसर वर घसरली आणि गोलाच्या टाळूवरून चपखल बसली. त्यांनी ती खाली आणून पुन्हा ओढली. पुन्हा तीच वाट.

“मग माझा नकाशा?”

“ते पसरलेलं कापड हो, मास्तर. ते गोल अंगावर बसवायचं तर?”

“कापड चिमटून टक्स घ्यावे लागतात,” मास्तर पुटपुटले आणि त्यांच्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षं लोकांचे खांदे मापले, पण पायाखालची एवढी मोठी गोलाई कधी ध्यानात आली नव्हती. जिथे घर नाही, झाड नाही, अशा पांढऱ्या मुलखावरून त्यांची पोर येत होती. लहानपणी अंधारात मोरीपर्यंतही एकटी जायची नाही ती. आता आईसाठी जगाच्या डोक्यावरून येत होती.

गोल घेऊन ते बायकोच्या उशाशी बसले, सगळं दाखवलं. ती बर्फाकडे बराच वेळ बघत राहिली.

तीन वाजता तिने विचारलं, “अहो, किती राहिलं?”

मास्तरांनी टेप लावली. तीन इंच. “चार बोटं. बोटाला एक तास धर.”

तिने चार बोटं गोलावर जोडून ठेवली. दर तासाला मास्तर ठिपका पाहत आणि तिचं एक बोट हलकेच उचलत. पाचनंतर तिचा श्वास अडखळू लागला. मास्तरांना दुसरं काहीच करता येत नव्हतं, म्हणून ते फक्त मापत राहिले. सातला विमान उतरलं. ते शेवटचं बोट उचलायला गेले, तर तिने ते दाबून धरलं.

“दार वाजू दे आधी.”

आठला दार वाजलं. लेक खांद्यावरच्या बॅगेसकट आत आली आणि पलंगाशी गुडघ्यांवर बसली. आईने बोट गोलावरून स्वतःच उचललं आणि तिच्या मनगटावर ठेवलं.

“बर्फावरून आलीस?”

“हो, आई.”

“थंडी वाजली असेल,” आई म्हणाली आणि अंगावरचं पांघरूण तिने चार बोटं लेकीकडे सरकवलं.