उजवीकडचा

स्वराजची पावलं जिन्यावरून खाली गेली, तसं रोहितने कॉम्प्युटरवर त्याच्या गिटारच्या ट्रॅकसमोरचं म्यूटचं बटण दाबलं. मग स्वतःच्या वाजवण्याची एक कॉपी काढली आणि ती ओढत नेऊन स्वराजच्या जागी ठेवली. नुसतं ऐकून बघू, असं तो स्वतःला म्हणाला. असं म्हणणाऱ्या माणसाला आपण काय करतोय ते चांगलं ठाऊक असतं.

सिडकोतल्या त्या खोलीत गिटारचा आवाज मोठा करणारा खरा अँप एकही नव्हता. होता तो कॉम्प्युटर, टेबलाच्या दोन टोकांना दोन स्पीकर आणि सॉफ्टवेअरमधले नकली अँप. त्यांचे खरे भाऊबंद या दोघांनी मासिकातल्या चित्रांतच पाहिले होते. ठरलं होतं ते असं, की डावीकडे रोहित, एका जाड, घुमणाऱ्या अँपमधून. आणि उजवीकडे स्वराज, दुसऱ्या कोरड्या, धारदार अँपमधून. एकेकटे ऐकले तर दोन्ही अँप पोकळ वाटत. एकत्र आले की आवाज छातीवर येऊन बसे. बँड दोघांचाच. ड्रम कॉम्प्युटर वाजवायचा, आणि तो बिचारा कधी चहाही मागत नसे.

पण दोन वर्षांपूर्वी अंबडच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली हात सापडला, तेव्हापासून स्वराजच्या डाव्या हाताची दोन बोटं तारेवर वेळेत पोचत नव्हती. आज सकाळपासून तो तोच तुकडा वाजवत होता. दर वेळी कुठेतरी मागे पडायचा, हसायचा आणि "परत घे" म्हणायचा. रोहित परत घ्यायचा. हसणं दोघांनाही जड जायला लागलं होतं. गाण्याची सीडी उद्या पुण्याला बँडच्या स्पर्धेसाठी कुरियरने जायची होती.

रोहितने प्ले दाबलं. आता दोन्हीकडे तोच होता, एकीकडे जाड आणि एकीकडे धारदार, आणि प्रत्येक ठोका खिळा ठोकावा तसा बसत होता. खिडकीची काच थरथरली. हाच आवाज तो कॉलेजपासून शोधत होता. त्याला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. निवड झाली तर स्टेजवर काय करायचं, हा विचारही येऊन गेला. तेव्हाचं तेव्हा, म्हणून त्याने तो झटकला.

जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. या वेळी दोघांची. स्वराज वडिलांना घेऊन वर आला होता. बहिरूनाना मखमलाबादला फुलशेती करत. बाजारात शेवंती उतरवून रिकामी पिकअप घेऊन ते मुलाला घरी न्यायला आले होते. एरवी ते खालूनच हॉर्न वाजवत. गिटारीच्या नादाला लागलेलं पोर हातचं जाऊ नये, म्हणून त्यांनीच ओळख काढून स्वराजला कारखान्यात चिकटवलं होतं. अपघातानंतर त्यांनी गिटारीबद्दल बरं-वाईट एक अक्षर काढलं नव्हतं.

"नानांना ऐकायचंय," स्वराज म्हणाला.

माउसवर रोहितचा हात होता. दोन क्लिक केल्या असत्या तर सगळं जागच्या जागी आलं असतं. त्याने चहाचं विचारलं. नानांनी नको म्हटलं. पंखा वाढवू का, म्हणून विचारलं. नाना उभेच राहिले. मग त्याने प्ले दाबलं.

विहिरीवरची मोटार अचानक सुरू व्हावी तसे नाना आधी दचकले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ह्यात तुझा कंचा?"

स्वराज कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहत होता. रोहितने नजर कीबोर्डवर खिळवली.

"उजवीकडचा, नाना."

नानांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, उजवीकडच्या स्पीकरजवळ उकिडवे बसले आणि त्याला कान लावला. डाव्या बाजूशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत. सांगावं, आत्ताच सांगून मोकळं व्हावं, असं रोहितला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा त्याने माउस नुसता इकडेतिकडे सरकवला.

"परत लाव," नाना म्हणाले.

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते गुडघ्यावर हात टेकून उठले. स्वराजचा डावा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि ती दोन वाकडी बोटं अंगठ्याने हळूहळू सरळ करत राहिले.

"मीच घातलं तुला तिथं," ते म्हणाले. "मला वाटायचं, पोराचा हात गेला, माझ्यापायी गेला. ह्या हाताकडं बघायचा धीर होत नव्हता मला." त्यांनी नाक ओढलं. "नाय गेला. चांगला वाजतोय की."

स्वराज मान खाली घालून उभा होता. नाना रोहितकडे वळले. "तू लय केलंस बाबा त्याच्यासाठी," असं म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रोहितला तो खांदा काढून घ्यावासा वाटला. मग गाडी वळवून ठेवतो म्हणत नाना खाली गेले.

स्वराज गिटार कव्हरमध्ये घालू लागला. चेन अडकली होती, ती त्याने उजव्या हाताने सोडवली.

"स्वराज, मी..."

"दोन्हीकडचं अगदी एकावर एक बसतंय," स्वराज म्हणाला. आवाजात राग नव्हता. "दोन माणसं इतकी जुळत नसतात रे. नानांना नाही कळलं, पण पुण्यात कळेल. उजवीकडचा जरा मागे सरकव."

रोहितच्या कानाच्या पाळ्या तापल्या. माफी मागायला हवी होती, हे त्याला कळत होतं. तोंडातून मात्र भलतंच निघालं.

"किती?"

"मी राहतो तेवढा."

खाली हॉर्न वाजला. स्वराजने गिटार पाठीवर टाकली आणि दार ओढून घेऊन तो गेला. पिकअपचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि मग मोठ्या रस्त्याच्या आवाजात मिसळला.

रोहित पडद्यासमोर बसला. स्वराज नेमका किती मागे राहतो, हे त्याला सांगता येत नव्हतं. तो मागे राहतो एवढंच त्याने सकाळपासून ऐकलं होतं. त्याने आपले दोन्ही ट्रॅक बंद केले, स्वराजच्या ट्रॅकसमोरचं म्यूट काढलं आणि तो एकटा पहिल्यापासून लावला.