हात जोडून ऐकलेली चार गाणी

अंबरनाथच्या एका कारखान्यात केमिस्ट असलेल्या गुरुदत्तला दोनच विषयांवर तासभर बोलता येई: सत्तरच्या आसपासचं इंग्रजी रॉक, आणि अंबरनाथचीच चार पोरं, ज्यांनी स्वतःची गाणी रचून बॅण्ड काढला होता. जुन्या रॉकच्या कॅसेटी तो उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराकडून भरून आणी आणि नव्या पोरांचं कौतुक त्यालाच ऐकवी. दुकानदार बिचारा "हां साईं, हां साईं" करत मान हलवी.

कॅसेट उसनी न्यायची आणि विसरायची, ही तो राहत होता त्या बेलवलीतल्या कॉलेजकुमारांची जुनी खोड. त्यावर गुरुदत्तने शक्कल काढली. आवडत्या कॅसेटींवर तो भूपाळ्या, आरत्या असली नावं लिहून ठेवी. दोन वर्षं एकही कॅसेट हलली नाही, म्हणून स्वारी स्वतःवर खूश होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा.

ब्याण्णवच्या जानेवारीत गिटारवाल्या जयदेवने त्याच्या हातात एक कॅसेट ठेवली. बॅण्डची चार गाणी, एवढी एकच प्रत. ड्रम वाजवणारा भगवंत नोकरीसाठी मस्कतला गेला होता, त्यामुळे पुन्हा भरणं शक्यच नव्हतं. सोमवारी ती मुंबईच्या एका स्पर्धेला पाठवायची होती. गुरुदत्तकडे दोन कप्प्यांचा डेक, म्हणून प्रत काढायचं काम त्याच्याकडे आलं. सवयीने त्याने तिच्यावर लिहिलं, 'सत्यनारायण पूजा', आणि रविवारी कोरी कॅसेट आणायला उल्हासनगर गाठलं.

परत येतो तर ती कॅसेट ठेवलेला खण रिकामा.

"हेंद्रेपाड्याच्या उमाताई घेऊन गेल्या," बायको वृंदा म्हणाली. "आज पौर्णिमा ना, भटजींना सवड नाही. कॅसेट लावून पूजा करतायत. अहो, असे काय बघताय?"

गुरुदत्तच्या तोंडचं पाणी पळालं. उमाताईंचे यजमान दिनानाथ पेटी शिकत होते, आणि नको असलेली कॅसेट सापडली की तिच्यावर स्वतःचं पेटीवादन भरून मोकळे होत. सायकल दामटत तो हेंद्रेपाड्याला पोचला. सबंध रस्ताभर त्याने स्वतःला शिव्या घातल्या.

दारात चपलांचा ढीग होता. आत कौसाबाई नावाच्या म्हाताऱ्या शेजारीण पोथी वाचत होत्या आणि दिनानाथ सोवळं नेसून पाटावर बसले होते. आरती झाल्यावर त्यांनी त्याला कोपऱ्यात घेतलं.

"गुरुदत्तराव, तुमची कॅसेट जरा वेगळीच आहे हो."

"तुम्ही... तिच्यावर काही भरलंत का?"

"छे! देवाची कॅसेट. आधी वाटलं, सुरुवातीचं म्युझिक असेल. मग गाणं लागलं. पण पूजा मध्येच बंद कशी करायची? कोप झाला म्हणजे? अख्खी बाजू संपेस्तोवर सगळे हात जोडून बसलो. संपली तेव्हा पोथी काढली." दिनानाथांनी कपाटातून कॅसेट काढली आणि दोन्ही हातांनी दिली. तिला हळदकुंकू लावलेलं होतं.

गुरुदत्तचा जीव भांड्यात पडला. त्याने शिऱ्याचे दोन द्रोण संपवले. घरी येऊन आधी कॅसेट वाजवून पाहिली, मग तिच्या दोन प्रती काढल्या.

सोमवारी सकाळी जयदेव आला, तेव्हा गुरुदत्तने सगळं कबूल केलं. पोरगा भडकणार, असं तो धरूनच चालला होता. जयदेवने मात्र भलतंच विचारलं.

"किती माणसं होती?"

"तीसेक असतील."

"मध्ये कोणीच उठलं नाय?"

"कोणीच नाही."

जयदेव खुर्चीत बसला. आजवर त्यांनी तीन ठिकाणी वाजवलं होतं आणि तिन्ही ठिकाणी दुसरं गाणं सुरू होताच आयोजकांनी माइक काढून घेतला होता.

"दादा, एक कागद द्या ना," तो म्हणाला. "भगवंतला आत्ताच लिहितो. तीस लोकांनी चारही गाणी ऐकली म्हणून."