निळा सदरा आणि माझा पंप

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी सायकल आहे आणि तुम्हा माणसांबद्दल माझं मत आता फारसं चांगलं राहिलेलं नाही. ते का, ते सांगण्यासाठीच ही हकीकत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. भट्टीची धग आठवते आणि रंगाचा वास आठवतो. आठवण्यासारखं आयुष्य सुरू झालं ते यझ्द शहरात, नेमतुल्लाने मला दुकानातून बाहेर काढलं त्या दिवशी. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, कापड गिरणीत मागावर होता. दहा गिअरची सायकल त्या काळी गिरणीत कोणाकडेच नव्हती. भोंगा व्हायच्या आत आम्ही फाटकापाशी हजर असायचो आणि सगळे म्हणायचे, "नेमत आला, घड्याळ लावून घ्या!" मला फार अभिमान वाटे. गिरणीच्या भिंतीला दोनशे सायकली टेकलेल्या असत, पण रोज फडक्याने पुसली जाणारी मी एकटीच होते.

अशी सव्वीस वर्षं गेली आणि एक दिवस गिरणी बंद झाली. दोनशे सायकली दोनशे दिशांना गेल्या. नेमतने मला तळघरात नेऊन ठेवलं, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. तिथे मी सहा वर्षं काढली. माझ्या साखळीला गंज चढला आणि नेमतच्या रक्तात साखर चढली. तो दिवसभर दाराशी बसून असे. ज्या माणसाला रोज दोनशे जण नावाने हाक मारत, त्याला आता एकटी त्याची बायको तूबा हाक मारी, तीही जेवायला. माणूस असा हळूहळू विझतो, हे मी तळघरात असूनही ऐकत होते. वरची शांतता खाली ऐकू येते.

शेवटी डॉक्टरांनी दटावलं, "नेमत आगा, पाय हलवा, नाहीतर पाय जातील." तेव्हा त्याला माझी आठवण झाली. गरज पडल्याशिवाय आठवण येत नाही, हा तुमचा जुनाच गुण. असो. त्याने मला वर काढलं, तीन दिवस घासलं, नवे टायर घातले आणि एका शुक्रवारी आम्ही बाहेर पडलो. ताफ्तच्या रस्त्याला आम्हाला तो गट भेटला.

दर शुक्रवारच्या सुट्टीला वीसएक जण मिळून डोंगराकडे जात. त्यांचा म्होरक्या कियारश, इंजिनिअर, चाळिशीतला, बोलायला साखरेसारखा. त्याचा जोडीदार पेझमान, औषधांच्या दुकानाचा मालक, त्याच्या जिभेला कधी विश्रांती नसे. त्यांच्या सायकली पिसासारख्या हलक्या. मला पाहताच पेझमान म्हणाला, "नेमत आगा, ही सायकल आहे की तुमच्या सासूबाईंचं शिवणयंत्र?" सगळे हसले. नेमतही हसला. मी मात्र हसले नाही.

पण त्या दिवसापासून नेमत बदलला. गुरुवारी संध्याकाळीच तो बूट काढून दाराशी ठेवू लागला. तूबाला म्हणे, "आज कियारशने लांबून हाक मारली मला. नावानिशी!" तूबा म्हणे, "मग काय, आता वरात काढायची?" पण तिलाही बरं वाटत होतं. पुन्हा कोणी तरी त्याला नावाने हाक मारत होतं ना.

गटात पक्कं नाव लागायचं तर एक अट होती. नवरोज झाल्यावर एका शुक्रवारी सगळे यझ्दहून निघत, डोंगरातली मोठी खिंड ओलांडत आणि अबरकूहच्या जुन्या सरूच्या झाडाखाली पोचत. दीडशे किलोमीटरला थोडं कमी. जो आपल्या पायांनी झाडापर्यंत पोचेल, त्याला तिथे निळा सदरा मिळे. सदरा मिळाला की तो गटाचा. न मिळाला तर तो आपला रस्त्यात भेटलेला कोणी तरी. नेमतला तो सदरा हवा होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला दुसरं काही नको होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तो हवा होता, कारण माझं तळघर चुकणं त्यावरच अवलंबून होतं.

आता आमच्या गावाची एक रीत सांगितली पाहिजे, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. आमच्याकडे कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. देणाऱ्याने पुन्हा विचारायचं. पुन्हा 'नको' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग घ्यायचं. कोणी वस्तूचं कौतुक केलं तर 'तुमचीच आहे' म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने ती मुळीच घ्यायची नाही. याला तआरुफ म्हणतात. आईच्या दुधाबरोबर मुलं हे शिकतात. पहिलं 'नको' खरं मानणारा माणूस यझ्दमध्ये शोधून सापडायचा नाही. निदान मला तसं वाटत होतं.

तो शुक्रवार उजाडला. पहाटे निघालो तेव्हाच समोरून वारा सुटला होता. वाऱ्यात जो पुढे असतो तो वारा कापतो आणि बाकीचे त्याच्या आडोशाने मजेत येतात. म्हणून पुढचा माणूस सारखा बदलायचा असतो. नेमत पुढे गेला. दहा मिनिटांनी कियारश मागून म्हणाला, "नेमत आगा, दमलात, या मागे."

"छे छे! तुमची सेवा करायला मिळते, हेच माझं भाग्य," नेमत म्हणाला.

"हात दुखू नयेत तुमचे!" असे कियारशने आमच्याकडच्या रीतीने आभार मानले आणि पुन्हा विचारलं नाही.

ताफ्तपर्यंत आम्हीच पुढे होतो. मागे वीसजण गप्पा मारत येत होते. शिवणयंत्राच्या आडोशाला यायला कोणालाही कमीपणा वाटत नव्हता.

ताफ्तला चहाला थांबलो. चहाच्या दुकानाच्या दारात कियारश आणि पेझमान यांनी खोळंबा केला. "आधी तुम्ही." "छे, तुमच्या आधी मी पाऊल टाकीन होय?" "माझी शपथ!" "माझ्या मेलेल्या बापाची शपथ!" आत मालकाचा चहा गार होत होता. तेव्हा रीत सगळ्यांना येत होती, हे लक्षात ठेवा.

तिथेच पेझमानचं पुढचं चाक मऊ पडलं. त्याच्याकडे पंप नव्हता, गॅसची इवलीशी नळी होती. ती फुस्स करून संपली. नेमतने माझ्या अंगावरचा लांब जुना पंप काढून पुढे केला. पेझमानने हवा भरली आणि पंप परत करत म्हणाला, "परत मऊ पडलं तर पंचाईत आहे बुवा!"

"मग असू द्या की तुमच्यापाशी," नेमत म्हणाला. "तुमचाच आहे."

आता पेझमानने 'नाही हो' म्हणायचं होतं. पंप अडकवायच्या माझ्या रिकाम्या खटक्याकडे पाहत मी त्याचीच वाट बघत होते. पेझमानने पंप पाठीच्या खिशात खोचला आणि म्हणाला, "जगात तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय, नेमत आगा."

नेमतचा चेहरा क्षणभर कसनुसा झाला. मग तो हसला. भिडस्त माणसाचं हसू मी सव्वीस वर्षं पाहिलं आहे. ते तोंडावर असतं, पायांत नसतं.

ताफ्तच्या पुढेही पायथ्यापर्यंत वारा आम्हीच कापला. मग चढ सुरू झाला आणि आडोशाची गरज सरली. गरज सरो, वैद्य मरो. एकेक जण आम्हाला मागे टाकू लागला. जाताना प्रत्येकजण अगदी गोड बोलत होता. "शाबास, नेमत आगा!" "थकवा न येवो!" नेमतच्या मांड्या थरथरत होत्या, ते मला पेडलांतून कळत होतं. तरी तो हटला नाही. गिरणीतला माणूस तो. दात खाऊन त्याने शेवटच्या माणसाला नजरेआड होऊ दिलं नाही. खिंड पाच-सहा किलोमीटरांवर राहिली होती. आम्ही पोचलो असतो, मित्रांनो. अजूनही मी शपथेवर सांगते, आम्ही पोचलो असतो.

आणि माझं मागचं चाक फुटलं.

एक टोकदार खडा लागला, बस. दोष माझाच. मी ते कधी नाकारलं नाही. आवाज ऐकून वरच्या वळणावरचे कियारश आणि पेझमान थांबले. कियारशचा एक पाय जमिनीवर होता, दुसरा पेडलवरच होता.

"नेमत आगा, थांबू का आम्ही?"

"नाही नाही! माझ्यापायी तुम्ही कशाला खोळंबता? ट्यूब आहे माझ्याकडे. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

"नक्की ना?" असं त्याने विचारायला हवं होतं. तो म्हणाला, "बरं, मग झाडाखाली भेटू. तुमच्याशिवाय आम्ही घासही घेणार नाही, हं!" आणि दुसरा पाय जिथे होता तिथूनच त्याने जोर दिला.

नेमतने मला आडवं ठेवलं आणि पिशवीतून नवी ट्यूब काढली. मग त्याचा हात सवयीने माझ्या सांगाड्याच्या नळीकडे आला. तिथे रिकामा खटका होता. त्याने वर पाहिलं. दोघे पुढच्या वळणावर होते. पेझमानच्या खिशातून माझ्या पंपाचं टोक बाहेर डोकावत होतं. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. नेमतने तोंड उघडलंसुद्धा. "पेझ..." इतकं म्हणाला आणि मिटलं. दिलेली वस्तू परत कशी मागायची? 'तुमचाच आहे' म्हटल्याला दोन तास झाले नव्हते. भीड भिकेची बहीण, असं उगीच म्हणत नाहीत. वळणापलीकडे ते टोक दिसेनासं झालं.

तो मला ढकलत चढू लागला. फुटक्या चाकाने खडीवर मी खडखडत होते. तासभर असं चाललो. मग मागून मेंढ्या भरलेली एक छोटी गाडी आली आणि शेजारी येऊन थांबली.

"चढा, चाचा," मेंढपाळ म्हणाला.

"नको, तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास मेंढ्यांना होईल, मला नाही. चढा."

"नको हो, जवळच आलंय."

"जवळ? ओठ फुटलेत तुमचे उन्हाने! चढताय, की सायकल एकटीच नेऊ?"

नेमत चढला. ज्याच्याकडे पंप नव्हता, जो आमच्या गटाचा नव्हता, ज्याचं नावही आम्ही विचारलं नाही, त्याने तीनदा विचारलं. त्याने नेमतला भाकरीचा तुकडा दिला आणि त्याच्यापुढे पाण्याची बाटली धरली. मेंढ्यांच्या लोकरीत तोंड लपवून नेमत रडला. मेंढपाळाने ते आरशात पाहिलं आणि गाडी जरा हळू चालवली.

आम्ही झाडापाशी उतरलो तेव्हा दुपार कलली होती. सतरंजीवर कलिंगडाच्या साली होत्या, कबाबांच्या रिकाम्या सळया होत्या. वीसजण पाय पसरून बसले होते.

"अहो, तुमचीच तर वाट पाहत होतो!" कियारश उठून म्हणाला. "थकवा न येवो!"

"नेमत आगा, मेंढ्यांचा गट बरा वाटला का आमच्यापेक्षा?" पेझमान म्हणाला आणि हशा पिकला. मग त्याचा हात पाठीकडे गेला. "अरे देवा, पंप माझ्याकडेच राहिला! मग मागायचा ना हो!"

"मागायचा ना!" आणखी दोघे-तिघे म्हणाले. अगदी मनापासून. त्यांना त्यात आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं.

"काही नाही, काही नाही," नेमत म्हणाला. "माझ्यामुळे तुमचा खोळंबा झाला. माफ करा."

कियारशच्या पिशवीत तीन निळे सदरे होते. दोन वाटले गेले होते. तिसऱ्याची घडी त्याने पुन्हा पिशवीत सारली. "तुम्ही तर आमचेच आहात," तो म्हणाला. "पण नियम म्हणजे नियम. पुढच्या वर्षी. बरं, आता सगळे इथेच आहात तर फोटो घेऊ." सगळे झाडापुढे उभे राहिले. पिसासारख्या सायकली पुढे मांडल्या. फोटो काढायला कोणीच उरलं नाही. कियारशने फोन नेमतच्या हातात दिला. "जरा काढता का?"

नेमतने फोटो काढला.

"आणखी एक, नेमत आगा. पेझमानचे डोळे मिटले होते."

नेमतने आणखी एक काढला.

त्यानंतर आम्ही शुक्रवारी बाहेर पडलो नाही. महिनाभराने कियारशचा फोन आला. "तुमच्याशिवाय गटाला मजा नाही!" नेमत म्हणाला, "तुमची कृपा. येईन की." कियारशने ते 'येईन' खरं मानलं आणि फोन ठेवला. नेमत पुन्हा दाराशी बसू लागला. त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं कापली.

एका सकाळी तूबा माझ्यापाशी उभी राहिली. ताफ्तच्या डाळिंबवाल्याला शेतावर जायला सायकल हवी होती.

"देऊन टाकू का हो?" तिने विचारलं.

"देऊन टाक."

तूबा शहाणी. ती थांबली. "नीट विचार करून सांगा. देऊ?"

"दे."

ती त्याच्यासमोर जाऊन बसली, त्याच्या तोंडाकडे पाहत. "माझ्यासाठी म्हणून बोलू नका. तुम्हाला हवी असेल तर राहू दे. बरण्या हलवीन मी."

नेमतने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "नको, तूबा. देऊन टाक."

तिसरं उत्तर खरं असतं. ते तूबाला आणि मला, दोघींनाही कळलं.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल की मी म्हणेन, साखळीला तेल घाला, पावसात ठेवू नका. मला तेल नको. डाळिंबवाला घालतो ते पुष्कळ आहे. माझं मागणं एवढंच, की कोणी 'तुम्ही व्हा पुढे' म्हणालं तर एकदा त्याच्या तोंडाकडे पाहा आणि पुन्हा विचारा. विचारायला फार तर एक श्वास लागतो. आणि ज्यांना सगळ्यालाच 'नको, नको' म्हणायची सवय आहे, त्यांच्यावर माझा राग जास्त आहे, कारण माया जास्त आहे. त्या वळणावर मला ओरडायचं होतं, 'थांबा!' पण मला तोंड नव्हतं, मित्रांनो. त्याला होतं.