मजकुराशी जुळत नाही

पडद्यावर वाक्य होतं, 'उद्या पाऊस पडेल का?' आणि कानात एक म्हातारी म्हणाली, "पडेल की. गुडघे कालपासून ठणकतायत."

छाइफंगला हसू आलं. तिनं 'अयोग्य'वर टिचकी मारली, खाली उघडलेल्या कारणांच्या यादीतून 'मजकुराशी जुळत नाही' निवडलं आणि पुढं गेली. म्हाताऱ्यांच्या आवाजात हे नेहमीचंच. फोनमधल्या बाईनं वाक्य म्हणायचं, टिंग वाजलं की यांनी तेच्या तेच परत म्हणायचं, एवढं साधं काम. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला काही विचारलं की तो उत्तर देतो. त्याला दुसरं काही सुचतच नाही.

दुसरं वाक्य आलं, 'आवाज थोडा वाढव.' कानात घसा खाकरल्याचा आवाज आला, एकदा छोटा, एकदा मोठा. मग ती म्हातारी ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी ओरडली, "आता येतंय का ऐकू, आफंग?"

छाइफंगचा हात माउसवर होता तिथंच राहिला.

तिला आफंग म्हणणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"काय गं, भूत दिसलं का?" शेजारच्या खुर्चीतून ओउयांग वहिनींनी विचारलं. वहिनी अंगानं भरलेल्या, तोंडानं त्याहून भरलेल्या. एका कानावरचा हेडफोन त्या कायम सरकवून ठेवत, दालनातलं काही सुटायला नको म्हणून.

"माझी आई आहे. आफंग म्हणाली मला," छाइफंग म्हणाली.

"कुठं?" म्हणून वहिनींनी आधी दाराकडे बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी दुसऱ्या कानावरचाही हेडफोन काढला.

हे दालन म्हणजे वसाहतीतल्या नऊ नंबरच्या इमारतीचा तळमजला. डोंगरावरची सतरा गावं खाली आणून या इमारतींत बसवली, तेव्हा इथं दुकानं निघणार होती. दुकानं काही निघाली नाहीत. मग एका कंपनीनं चाळीस संगणक मांडले आणि डोंगरच्या बायकांना कामाला लावलं. फोनला, टीव्हीला, पंख्याला गुइझोऊ प्रांताची पहाडी बोली कळावी म्हणून गावोगावच्या लोकांचे आवाज भरून आणलेले, ते ऐकून बरोबर-चूक सांगायचं. बायका म्हणत, आपण यंत्राच्या बालवाडीत मास्तरणी आहोत. पोर हुशार निघालं. वर्षभरात ते इतकं शिकलं, की चाळीसातल्या अठरा खुर्च्या रिकाम्या झाल्या. उरलेल्या बावीस जणी आपली पाळी कधी येते याचा अंदाज बांधत, मिरचीच्या ठेच्याबरोबर भात खात होत्या.

छाइफंगनं तिसरं वाक्य उघडलं. 'मला भूक लागली आहे.'

"का? कारखान्यात पोटभर देत नाहीत का मेले? खाली उतर आणि आधी शेवया खाऊन ये. मग बोलू."

चौथं. 'एखादं गाणं लाव.'

"काहीतरीच तुझं. इथं चार बायका बसल्यात."

आईच्या मागं खरंच बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "आजी, उत्तर नका देऊ, नुसतं म्हणा," आणि आई तिला म्हणाली, "थांब गं. लेक बोलतेय माझी."

छाइफंगनं हेडफोन उतरवून टेबलावर ठेवले. मग परत चढवले.

आई जाईपर्यंत ती एकोणीस वर्षं दूर डोंगग्वानच्या कारखान्यात होती. इंटरनेटच्या त्या छोट्या, दिवे लुकलुकणाऱ्या डब्यांत आत हिरवी पट्टी असते, तिच्यावर टाचणीएवढे तुकडे झाळायचे, हे तिचं काम. देशभर माणसं एकमेकांशी बोलायची ती त्या डब्यांमधून, आणि ती मात्र आईशी महिन्यातून एकदा बोलायची. त्यांच्या वांशी गावात तेव्हा फोन लागत नसे. पंधरा तारखेला आई बांबूच्या बनामागचा चढ चढून खिंडीत जायची, उसना मागून घेतलेला फोन हातात धरून उभी राहायची. मग खिंडीवर टॉवर आला, आईच्या चुलीपाशी फोनवर रेंजच्या तीन कांड्या उमटायला लागल्या. आईला वाटलं, आता लेक रोज बोलेल. पण चढ उरला नाही, तशी तारीखही उरली नाही. कधीही करता येतो म्हटल्यावर फोन आज-उद्यावर ढकलला जायला लागला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारच्या सुट्टीत छाइफंगनं फोन केला, तेव्हा आई फार खुशीत होती.

"परवा किती वेळ बोललीस गं माझ्याशी! अशी कधी चौकशी करत नाहीस. मी सगळ्यांना सांगितलं."

"परवा? मी कुठं फोन केला होता परवा?"

"केला होतास की. गावसमितीच्या खोलीत. बायका होत्या साक्षीला. छत्रीपण मिळाली मला."

"आई, तू भलतंच काहीतरी बोलायला लागलीस हं. मी फोनच केला नव्हता. कुणाला काही देऊन बसू नकोस, फसवणारे फार झालेत."

आई म्हणाली होती, "नसशील केला. वय झालं." आणि त्यानंतर छाइफंग प्रत्येक फोनला मुद्दाम विचारायची, आज वार कोणता, शेजारच्याच्या म्हशीचा रंग कोणता. आई परीक्षेला बसल्यासारखी निमूट उत्तरं द्यायची. सगळी बरोबर द्यायची. तरी छाइफंगनं शेजारणीला सांगून ठेवलं होतं, म्हातारीवर लक्ष ठेवा, डोकं ठिकाणावर नाही.

आता ती पडद्यावर नावाऐवजी असलेल्या क्रमांकाकडे बघत होती. आवाज भरल्याची तारीख त्याच आठवड्यातली होती. समितीच्या खोलीत छत्रीच्या बदल्यात आवाज भरायला कुणीतरी आईसमोर फोन ठेवला होता. फोनमधून बाईचा आवाज आला होता आणि त्यानं विचारलं होतं, पाऊस पडेल का. एकोणीस वर्षं फोनमधून एकच बाई आईला काही ना काही विचारत आली होती. आईनं दुसरं काय समजायचं?

डोकं ठिकाणावरच होतं. छाइफंगनं तोंडावर हात धरला.

पाच मिनिटं काम थांबलं की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका उमटतो आणि तो थान युएछिनला दिसतो. थान गटाची लीडर, सत्तावीस वर्षांची, नाकावर घसरणारा चष्मा आणि पोटात कायम आम्लपित्त. ती खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

"छाइफंग ताई, बरं नाही का? आपला आवाजांचा गठ्ठा सहाला जायचाय हं."

ओउयांग वहिनींनीच सांगितलं, बिनआवाजात, ओठ हलवून. थाननं वाकून एक हेडफोन कानाला लावला. पडद्यावर होतं, 'दिवा बंद कर.' आई म्हणत होती, "भर दिवसा कुठला दिवा लावतेय मी? इतकी उधळी दिसते का तुला?"

थानला हसू फुटलं आणि लगेच तिचे डोळे भरले. "एकसुद्धा बरोबर नाही म्हणाल्या?"

"अजून तरी नाही. चाळीस आहेत."

एका माणसाची चाळीसच्या चाळीस अयोग्य ठरली, की त्याचा सगळा संच पुसला जातो. डोंगराच्या पोटात बोगदे खणून जिथं कंपनीची आवाज साठवणारी थंडगार कपाटं ठेवली आहेत, तिथं अशा आवाजांना जागा नाही. हे तिघींनाही ठाऊक होतं.

"थान," छाइफंग म्हणाली, "माझा फोन कपाटातून दे. एकदाच भरून घेते."

थाननं चष्मा वर सरकवला. "ताई, वर कॅमेरा आहे. वसंतात एका पोरीनं पडद्याचा नुसता फोटो काढला होता. दुपारपर्यंत ती घरी होती."

"मग कंपनीला विचार. माझी आई आहे म्हणून सांग."

"विचारलं होतं मी एकदा, दुसऱ्या कुणासाठी. म्हणाले, क्रमांक कुणाची आई नसतो." हे सांगताना थानलाच ओशाळल्यासारखं झालं. ती खाली बसली, खुर्चीच्या हाताला धरून हळू बोलायला लागली. "एक करता येईल. तुम्ही योग्य म्हणून टाका. सगळी नाही, दहा-बारा. कंपनीतले तपासणारे शंभरातली दहाच उघडतात. योग्य झाली की राहतील. कायमची राहतील, ताई. मी डोळेझाक करते."

"आणि सापडली तर?"

"सापडली तर गठ्ठा परत येईल. तिसऱ्यांदा."

तिसऱ्यांदा परत आला की गट मोडतात. ओउयांग वहिनींनी हे ऐकलं आणि पडद्याकडे बघत म्हणाल्या, "माझ्याकडे नका बघू. मला घरी बसवलंत तर मी नवऱ्याला बदडून वेळ काढीन. करून टाक, आफंग."

आफंग म्हणाल्या त्या. चुकून म्हणाल्या की मुद्दाम, कोण जाणे. छाइफंगनं 'योग्य'वर बाण नेला. पडद्यावर वाक्य होतं, 'जवळचा दवाखाना शोध.' आणि कानात आई घाबरून विचारत होती, "काय झालं? परत हात भाजलास का? दाखव बघू." जणू फोनमधून हात दिसणार होता.

'योग्य' म्हटलं की काय होणार, हे छाइफंगइतकं कुणाला कळत नव्हतं. वर्षभर तिनं तेच तर केलं होतं. या आवाजाखाली ते वाक्य डकवलं जाणार. यंत्र घोकत बसणार, की ही बाई म्हणाली, जवळचा दवाखाना शोध. ही बाई म्हणाली, गाणं लाव. आई परत हात भाजलास का म्हणाली होती ते कुठंच राहणार नव्हतं. नुसता आवाज राहणार, आणि त्याच्या तोंडात दुसऱ्याचं बोलणं.

"नको," ती म्हणाली.

"ताई, गटाचा विचार करू नका..."

"गटाचा नाही. ती असं म्हणालीच नाही, थान. एकदा मी तिला वेडी ठरवून झालंय. आता खोटी कशाला ठरवू?"

थान उठून म्हणाली, "तुमचे बाकीचे आवाज मी माझ्याकडे वळवते. सहापर्यंत हे चाळीसच करा," आणि आपल्या टेबलाकडे गेली. जाताना तिनं पिवळ्या ठिपक्याची सूचना बंद केली, ते छाइफंगला नंतर कळलं.

छाइफंगनं पहिल्यापासून सुरुवात केली. अयोग्य ठरवलेलंही सहापर्यंत उघडता येतं. या वेळी तिनं आवाज लगेच लावला नाही. पडद्यावरचं वाक्य आधी आपल्या तोंडानं म्हटलं, हळू, वांशीच्या बोलीत, जशी ती चुलीपाशी बसून म्हणाली असती.

"उद्या पाऊस पडेल का?"

मग कळ दाबली. "पडेल की. गुडघे कालपासून ठणकतायत."

"आवाज थोडा वाढव."

"आता येतंय का ऐकू, आफंग?"

येतंय, असं मध्येच तिच्या तोंडून गेलं.

असं करत ती पुढं सरकत राहिली. आजूबाजूच्या बायकांना काय चाललंय ते एकीकडून दुसरीकडे पोचलं असावं, कारण दालनातली नेहमीची कुजबुज बंद झाली होती. फक्त कळा वाजत होत्या. एक एक ऐकून झालं की ती 'अयोग्य' म्हणायची, कारण निवडायची, पुढचं विचारायची.

"मला उद्या सहाला उठव."

"उठवते. तू झोप निवांत."

"आज वार कोणता?"

"बाजाराचा. मी गेले नाही. तुझा फोन येईलसं वाटलं."

"मला घरी घेऊन चल."

इथं आई बराच वेळ बोलली नव्हती. मागून ती बाई परत म्हणाली, आजी, नुसतं म्हणा ना. मग आईचा आवाज एकदम खाली आला, चार बायकांना ऐकू जाऊ नये असा. "तिकीट मिळत नाही का गं? रडू नकोस. नवीन वर्षाला नाही तर नाही. छिंगमिंगला ये, थडगी झाडायला. मी कुठं जातेय."

छाइफंगनं त्याला 'अयोग्य' म्हणायला फार वेळ लावला. ओउयांग वहिनींनी तिच्या टेबलावर गरम पाण्याचा पेला ठेवला आणि काही बोलल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच काही बोलल्या नसतील.

सहाला वीस मिनिटं होती तेव्हा चाळिसावं आलं. बायका खुर्च्या सरकवत होत्या, कुणी कपाटातून पिशवी काढत होतं. यादीतलं शेवटचं वाक्य असतं, ते तिनं वर्षभरात हजारदा ऐकलं होतं. तिनं पडद्यावर बघून ते म्हटलं.

"फोन बंद कर."

आईनं घसा खाकरला, एकदा छोटा, एकदा मोठा.

"तूच ठेव आधी. मी धरलाय."

त्याच्यापुढं शब्द नव्हता. पण आवाज भरणं चालूच होतं. खुर्ची करकरली, कुठंतरी कोंबडा आरवला, आईचा श्वास येत राहिला, जरा धाप लागल्यासारखा, फोन तोंडाच्या फार जवळ धरलेला. लेकीनं आधी ठेवावा म्हणून आई थांबली होती. अकरा सेकंद थांबली होती.

छाइफंगनं ते अकरा सेकंदही ऐकले. मग ठेवला.