दोन कांद्यांचं प्रकरण

तुळसाबाईने कुंडीत हात घातला तो मनगटापर्यंत चिखलात गेला. मूठ वर आली तेव्हा तिच्यात कुजून मऊ झालेला फुलझाडाचा कांदा होता. त्याचा वास व्हरांड्यात अर्ज घेऊन बसलेल्या लोकांपर्यंत गेला आणि दोघे-तिघे उठून पलीकडे जाऊन बसले. भैयाजी शिपाई मात्र कौतुकाची वाट पाहत शेजारीच उभा होता.

“रोज टाकलं पाणी,” तो म्हणाला. “तू पोरीच्या बाळंतपणाले खापरखेड्याले गेली, तवापासून एक दिवस खाडा नाही केला. सायबाच्या माठातलं उरलेलं, थंडगार.”

तुळसाबाईला रडावं की त्याला धोपटावं ते कळेना.

“हिवाळ्यात झोपते ते, भैयाजी,” ती म्हणाली. “झोपलेल्याच्या तोंडात कोणी पाणी ओतते काय?”

भैयाजीचा चेहरा पडला. पण त्याच्यावर रागवायला तिच्याजवळ वेळ नव्हता. तिने फतकल मारली आणि सातही कुंड्या उकरल्या. पाच कांदे गेले होते. दोन तेवढे घट्ट निघाले. ते तिने पदराला पुसले आणि जुन्या वर्तमानपत्रावर सावलीत वाळत घातले.

सिव्हिल लाइन्समधल्या त्या सरकारी कचेरीत तुळसाबाई अकरा उन्हाळे ताट्यांना पाणी मारत आली होती. एप्रिल लागला की दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या चढायच्या आणि गड्डीगोदामच्या वस्तीत तिच्या घरी बोलावणं यायचं. मग दहा ते पाच बादली आणि टमरेल घेऊन ती व्हरांड्यातून फिरायची. ताटी सुकू द्यायची नाही, एवढंच काम. आत साहेबलोक वाळ्याच्या वासात सह्या करायचे, बाहेर हिच्या तळपायांना फोड यायचे. पाऊस सुरू झाला की ताट्या उतरायच्या आणि ताट्यांबरोबर तुळसाबाईही उतरायची. अकरा वर्षांत तिचं नाव कुठल्या हजेरीपटावर चढलं नाही. कोणी चढवावं असं कोणाच्या मनातही आलं नाही.

कुंड्यांतलं ते फूल तिला एका साहेबांच्या बायकोने दिलं होतं. बदलीचं सामान बांधताना एक कांदा उरला, तो तिने तुळसाबाईच्या हातावर ठेवला आणि सांगितलं, याला मे फ्लॉवर म्हणतात, चैत्रापासून दिवाळीपर्यंत पाणी घाल, मग होळीपर्यंत हात लावू नकोस. तुळसाबाईने ते तंतोतंत पाळलं. मे महिन्यात, नागपूर भट्टीवर असताना, नुसत्या मातीतून दांडा वर आला आणि त्यावर लाल केसरांचा नारळाएवढा गोंडा फुलला. पावसाळाभर मोठी हिरवी पानं राहिली, दिवाळीनंतर पिवळी पडून गळाली. एकाचे दोन झाले, दोनाचे सात. हिवाळ्यात ती सदर भागातल्या घरांत भांडी घासायची आणि दर आठ दिवसांनी कचेरीत चक्कर टाकून कोरड्या मातीकडे पाहून जायची. तहानेलं झाड दिसलं की कोणीही पाणी घालतं हो, पण हात आवरून चार महिने नुसतं पाहत राहायला कलेजा लागतो. तो तुळसाबाईला होता.

कांदे वाळत घातले तेवढ्यात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क बाबाराव, बाहेर आले. तीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस. त्यांनी अगदी सहज सांगितलं की यंदा कूलर आले आहेत.

“ताट्या बंद झाल्या वं, तुळसाबाई. आता तुले येयाची गरज नाही. हे कांदे घेऊन जाय घरी. कुंड्यांत क्रोटन लावाचे आहेत.”

बाबारावांच्या बोलण्यात दुष्टपणा अजिबात नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर दोन परत तरी देता आल्या असत्या.

घरी कांदे लावायला जागा नव्हती असं नाही. शेजारच्या बकऱ्यांनी पानं खाल्ली असती, नळावर चाळीस घरांची रांग होती, पण तेही निभावलं असतं. तुळसाबाईला न्यायचेच नव्हते. आपण इथे अकरा उन्हाळे राबलो याला या कांद्यांशिवाय दुसरा पुरावा नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. ते उचलले की आपण इथे कधी नव्हतोच. कांदे तिथेच ठेवून ती तडक फाटकाबाहेर निघून गेली.

फाटकाबाहेर लिंबाखाली नत्थूजी अर्जनवीस बसायचे. तिचं म्हणणं ऐकून ते खोकला येईपर्यंत हसले. मग तिच्या तोंडाकडे पाहून थांबले आणि त्यांनी कागद पुढे ओढला. अर्ज झकास उतरला. अर्जदार बाईचे दोन जिवंत कांदे आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात असून त्यांना चैत्र ते दिवाळी पाणी घालण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

तुळसाबाईने तो नत्थूजींकडून वाचून घेतला आणि मान हलवली. “दिवाळीपासून होळीलोक पाणी न घालाची बी परवानगी लिहा, नत्थूजी.”

“न घालाले परवानगी कायले लागते वं?”

“लागते. भैयाजीले विचारा.”

नत्थूजींनी तेही लिहिलं. आवक खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज न वाचताच शिक्का मारला, नंबर टाकला आणि एक प्रत तिच्या हातात दिली. त्याच संध्याकाळी तिने कोरडी माती भरून दोन्ही कांदे दोन कुंड्यांत पुन्हा लावले.

तिसऱ्या दिवशी क्रोटन आले. भैयाजी खाली मान घालून कुंड्या उचलायला गेला, तर तुळसाबाई दोन कुंड्यांच्या मधे बसलेली. तिने शिक्क्याची प्रत पुढे धरली. बाबारावांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. प्रकरण चालू असेपर्यंत कशालाच हात लावायचा नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. याच वाक्यावर त्यांनी शेकडो लोकांना त्याच व्हरांड्यातून परत पाठवलं होतं. आता ते वाक्य त्यांच्याच मानेवर येऊन बसलं. पण माणूस नेमाचा पक्का, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

“राहू दे त्या दोन,” ते भैयाजीला म्हणाले. “बाकीच्या पाच घे.”

फाईल मग सरकारी चालीने चालायला लागली. इमारतीच्या शाखेने ती बागेच्या शाखेकडे पाठवली. बागेच्या शाखेने विचारलं, कांदे खाण्याचे की शोभेचे, याचा खुलासा व्हावा. खुलासा बाबारावांनीच लिहिला, शोभेचे. इकडे तुळसाबाई रोज अकराला यायची. फाईल कुठवर आली, म्हणून विचारायची. ते विचारायचा हक्क कोणाही अर्जदाराला असतो. मग बाहेरच्या नळाची बादली आणून दोन्ही कुंड्यांना बेताचं पाणी द्यायची आणि घरी जायची. भैयाजी तिला बादली उचलून देऊ पाहायचा. त्याला तिने पंधरा दिवसांनी माफ केलं, बादलीला मात्र हात लावू दिला नाही.

मे महिन्याच्या शेवटी एका कुंडीतून दांडा निघाला. ज्या दिवशी गोंडा पुरता उघडला त्या दिवशी दहालाच वीज गेली आणि कूलर बंद पडले. बंद खिडक्यांमागे सगळी कचेरी शिजायला लागली. तासाभराने पुण्याकडून बदलून आलेले नवे साहेब शर्टाचं बटण सोडून व्हरांड्यात आले. मागून बाबाराव आले. तुळसाबाई बादली घेऊन कुंडीपाशी होती.

“तुळसाबाई,” बाबाराव अजिजीने म्हणाले, “गोदामातून एक जुनी ताटी काढतो. दोन बादल्या मार वं तिच्यावर.”

“ताटीचं काम बंद झालं, बडे बाबू. मी माह्या फुलाले पाणी देऊन राहिली.”

साहेबांचं त्यांच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्या उन्हात, धुळीने माखलेल्या क्रोटनांच्या रांगेत, तो लाल गोंडा पाहून ते थबकले होते. हे कोणी वाढवलं, म्हणून त्यांनी विचारलं. बाबारावांना सगळी हकीकत सांगावी लागली आणि ती सांगताना त्यांचे कान लाल झाले. साहेबांनी फाईल मागवली, उभ्याउभ्याच चाळली आणि अर्जातल्या शेवटच्या ओळीवर मनापासून हसले. मग पेनचं टोपण काढलं.

“बाई, मी हे मंजूरच करून टाकतो. प्रकरण कायमचं मिटेल.”

तुळसाबाईने बादली खाली ठेवली.

“नका करू, साहेब.”

“का बरं?”

“मंजूर झालं का फाईल बंद. उद्या तुमची बदली होईन, दुसरा साहेब येईन, तो म्हणन कोण ही बाई, काहून येते. अकरा वर्षं मले इथं कोणी कायम नाही केलं. हे चालू आहे तोवर मले कोणी हाकलत नाही. खोटं वाटत असन तर बडे बाबूले पुसा.”

साहेबांनी बाबारावांकडे पाहिलं. बाबारावांनी रुमालाने मानेवरचा घाम टिपला. “नियम तसाच आहे, साहेब,” ते हळूच म्हणाले.

साहेबांनी टोपण लावलं आणि काही न लिहिता फाईल बाबारावांच्या हातात परत दिली.

तुळसाबाईने टमरेल भरलं आणि ती दुसऱ्या कुंडीकडे वळली. तिच्यात अजून नुसती माती होती.