चंद्रीचा बाप्तिस्मा

गुलाबरावांच्या म्हशीचं धर्मांतर झालं, ही बातमी उंद्रीत शुक्रवारी सकाळी आठला सुटली आणि साडेआठपर्यंत म्हशीची चाल बदलल्याचे तीन साक्षीदारही तयार झाले.

जीवन तेव्हा घराला लागूनच असलेल्या आपल्या दुकानात विहिरीच्या जळालेल्या मोटारीतली तार उलगडत बसला होता. बातमीतली आरोपी त्याचीच अकरा वर्षांची पोरगी करिष्मा आहे, हे त्याला गिऱ्हाइकाकडून कळलं. गिऱ्हाईक हे सांगून मोटार न टाकताच गेलं.

जीवनचं घर गावातलं एकुलतं ख्रिस्ती घर. आजोबांपासूनचं. गुलाबराव भिंतीला भिंत लागून राहायचे, आणि नालीच्या पाण्यावरून दोघांमध्ये नऊ वर्षं सरळ शब्द नव्हता. संध्याकाळी साडेसातला इकडे प्रार्थना सुरू झाली की गुलाबराव टीव्हीचा आवाज वाढवत. मग जीवन गाण्याचा आवाज वाढवी. देवाला दोन्ही कार्यक्रम बरोबरच ऐकू जात असणार.

जीवनच्या पंथात तान्ह्या लेकरावर पाणी शिंपडत नाहीत. पोरगं कळतं झालं की त्यानं स्वतः कबूल करायचं, टाक्यात उतरायचं आणि पाळकांनी त्याला पूर्ण पाण्याखाली घालायचं. करिष्माचा बाप्तिस्मा येत्या रविवारी चिखलीला होता. जीवन आणि त्याची बायको जयमाला दोन वर्षं तिची तयारी करून घेत होते. आपण उद्या नसलो तरी पोरीचा विश्वास टिकावा, एवढीच जीवनची आस होती. बाकी त्याला कोणाकडून काही नको होतं, आणि गावही काही देत नव्हतं.

"कोनी सांगतलं होतं तुले म्हशीले बुडवाले?" जयमालाने विचारलं.

"पप्पानं. ज्याच्यावर जीव आहे, त्याच्या तारणासाठी झटावं, असं रोजच म्हंते ना ते. चंद्रीचं दूध आटलं. शनिवारी बाजारात न्याची होती. मंग मले कुठं भेटंन?"

जीवन हे माणसांबद्दल म्हणाला होता. म्हशी वगळून, असं सांगायची गरज त्याला कधी वाटली नव्हती.

घडलं होतं ते एवढंच. गुरुवारी चंद्री दुपारपासून तलावात नाकपुड्यांपर्यंत बसलेली. करिष्मा कमरेपर्यंत पाण्यात गेली, म्हशीच्या कपाळावर दोन्ही हात ठेवले, पाळकांचे शब्द न चुकता म्हटले आणि दाबलं. चंद्री खाली गेली, वर आली, रवंथ चालूच. काठावर गुलाबराव उभे होते.

शनिवारी चंद्री बाजारातून परत आली.

"लोकं फोटू काढते अन् चालले जाते," दुपारी तंटामुक्ती समितीसमोर गुलाबराव म्हणाले. "'हेच का ते?' म्हंते. मी काय म्हशीची जत्रा भरवली का?"

समितीचे अध्यक्ष उत्तमराव यांनी कागद आधीच लिहून आणला होता. ग्रामपंचायतीच्या दारात दुसरं काही काम नसलेली वीसेक तरणी पोरं हाताची घडी घालून उभी होती.

"सही करून टाक जीवन. नाही तं हे पोरं पोलिसात जातीन, अन् तुह्या दुकानात कोनी मोटार टाकनार नाही. मी धमकी नाही देऊन राह्यलो. कार्यक्रम सांगून राह्यलो."

जीवनने वाचलं. सदर म्हशीवर केलेला विधी म्हणजे नुसतं पाणी व बडबड असून त्याने कोणालाही काहीही होत नाही.

त्याने पेन टेकवलं. शेजारी बसलेली करिष्माही वाचत होती. तिला अक्षर लागायचं, हीच पंचाईत.

"पप्पा, नुसतं पानी असते का?" तिने हळूच विचारलं. "मंग उद्या चिखलीले काऊन चाललो आपण?"

पेन तिथंच थांबलं.

"सही कर बे," गुलाबराव म्हणाले. "इतका इचार तं तू लग्नाच्या वक्ती नसंन केला."

"म्हशीचा बाप्तिस्मा होत नसते," जीवन म्हणाला. "आमच्यात स्वतः कबूल करा लागते. तिनं कबूल केलं असंन तं सांगा."

उत्तमराव नियमाचा माणूस. "गुलाबराव, काही बोलली का ते?"

"म्हैस आहे ते, उत्तमराव."

"रेकॉर्डसाठी विचारून राह्यलो."

"मी विचारलं होतं," करिष्मा म्हणाली. "तिनं कान हलवला."

दारातली पोरं जरा मागे सरकली.

जीवनने कागदावरची ओळ खोडली. खाली लिहिलं: म्हशीचा बाप्तिस्मा झालेला नाही. पाणी आणि त्यावर घेतलेलं नाव मात्र खरं आहे. उद्या माझ्या मुलीचा होणार आहे. मग सही केली. उत्तमरावांनी दोनदा वाचलं, सही असल्याची खात्री केली आणि शिक्का मारला.

"माह्यी मोटार तुह्याकडं येनार नाही," गुलाबराव म्हणाले.

"ते नऊ वर्षांपासून दुसरीकडंच जाते."

"आता मनापासून जाईन."

घरी जाताना करिष्माने विचारलं, "मंग चंद्री देवाघरी नाही भेटनार?"

"मले माहीत नाही," जीवन म्हणाला. देवाच्या विषयात हे वाक्य त्याने तिच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारलं. तिने मान हलवली. तिला ते चाललं.

रविवारी ती टाक्यात उतरली, पाण्याखाली गेली आणि ठसकत वर आली. जयमाला रडली. जीवनही रडला, पण गाडी लावताना सायलेन्सरचा चटका बसला होता, त्याचं कारण पुढे करता आलं.

परतले तर दुकानाच्या शटरवर जळकं ऑइल फासलेलं. चार लोक आपापल्या अर्धवट उघडलेल्या मोटारी न्यायला थांबलेले. तारा पिशवीत भरून घेऊन गेले, रामराम न करता.

संध्याकाळी साडेसातला पलीकडे टीव्ही वाढला. करिष्माने डोळे मिटले आणि तारणासाठी नावं घेतली. पहिलं चंद्री. दुसरं गुलाबकाका.

जीवनने डोळे उघडले. "त्याचं कशाले?"

"तुमच्यानं होऊन नाही राह्यलं, म्हून मी घेतलं."

"तिथं बी शेजारीच येईन तो," जीवन म्हणाला. जयमालाने पदर तोंडात कोंबला.

सोमवारी सकाळी गुलाबराव अंगणातल्या नळाखाली आंघोळीला बसले होते. तोंडभर साबण, डोळे घट्ट मिटलेले. बाजूला चंद्री बांधलेली. करिष्मा भिंतीवर हनुवटी टेकून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

गुलाबरावांनी एक डोळा उघडला. "काय पाह्यतं वं?"

"काही नाही काका. कबूल असंन तेव्हा सांगा."

तिला हाक मारून आत घ्यावं, असं जीवनला वाटलं. गावात एवढं झाल्यावर कोणीही तेच केलं असतं. पण त्याने घासलेटाची चिंधी घेतली आणि शटर पुसायला बसला, भिंतीकडे पाठ करून.