आरशाखालची रोपं

सलूनमधल्या मोठ्या आरशाखाली, कंगवे आणि कात्र्या ठेवायच्या फळीच्या एका टोकाला, काचेची एक छोटी टाकी होती. नंबराची वाट बघणारी माणसं वर्तमानपत्र मांडीवर तसंच ठेवून तिच्याकडे बघत बसत. तळाशी बारीक काळी वाळू, वाकड्या लाकडाला धरून वाढलेली जाड गडद पानं, मागच्या बाजूला फितीसारखी लांब हिरवी पाती आणि त्यांच्यातून ये-जा करणारे बोटभरही नसलेले मासे. पाणी नितळ. सलून चालवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत, आणि टाकीही उस्तादांचीच समजली जाई.

ती होती त्यांच्या बायकोची. ती घरी शिलाईकाम करायची आणि सलून बंद असलं की शटर अर्धं वर करून आत जायची. थोडं पाणी बदलायची, पिवळी पानं खुडायची, वाढलेली पाती छाटायची आणि परत शटर ओढून घरी यायची. गिऱ्हाइकांनी तिला तिथे कधी पाहिलंच नव्हतं.

"उस्ताद, तुमचा हात नुसता केसांवरच चालत नाही हं," असं कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं तेव्हा उस्ताद नुसते हसले होते. माझी नाही, बायकोची आहे, हे सांगायचं राहून गेलं. पुढच्या वेळी ते "वेळ द्यावा लागतो हो," एवढं म्हणाले. हळूहळू कात्री चालवता चालवता ते रोपांबद्दल चार गोष्टीही सांगायला लागले. काही बायकोकडून उडत उडत ऐकलेल्या, काही मनाच्या. आपण खोटं बोलतोय असं त्यांना फारसं वाटायचं नाही. दुकान आपलं, टाकी दुकानातली आणि बायकोही आपलीच.

टाकीसमोर सगळ्यात जास्त वेळ बसायचे ते घड्याळवाले आजोबा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, पण स्वतःला घाई म्हणून कधी नव्हती. दाढी झाली तरी उठायचे नाहीत. एके दिवशी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तेव्हापासून उस्ताद त्यांच्या घरी जाऊन दाढी करू लागले.

आजोबांची लेक बँकेत होती. एकदा ती उस्तादांना सोडायला दारापर्यंत आली आणि म्हणाली, बाबा दिवसभर भिंतीकडे बघत पडलेले असतात, मला बघवत नाही. तुमच्या सलूनमधल्यासारखी एक टाकी त्यांच्या पलंगाशेजारी लावून द्याल का? रोपंसुद्धा तुम्हीच निवडा, आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

खरं सांगायची ती वेळ होती, आणि उस्तादांना ते कळलंही. पण ती इतक्या भरवशाने बघत होती की त्यांची जीभ रेटेना. "लावतो की ताई," ते म्हणाले.

बायकोला विचारावं, तर लेक आपल्याकडे का आली हेही सांगावं लागणार. म्हणून ते एकटेच मासे-रोपांच्या दुकानात गेले. तिथे गर्दी होती, दुकानदाराला मान वर करायला फुरसत नव्हती. उस्तादांनी डोळ्यांना भावतील ती रोपं उचलली. एक लालबुंद पानांचं, एक पांढऱ्या पट्ट्यांचं, एक छत्रीसारखं पसरलेलं. सलूनमधलं ते जाड गडद पानांचं रोप तेवढं त्यांनी ओळखलं आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखा त्यांना आनंद झाला. आजोबांच्या खोलीत त्यांनी टाकी मांडली, वाळू पसरली आणि प्रत्येक रोप कुंडीत रोवावं तसं खोल, घट्ट दाबून बसवलं. गडद पानांच्या रोपाचं खोडही त्यांनी पार गाडून टाकलं, हलायला नको म्हणून. मासे सोडले तेव्हा आजोबांचा अर्धा चेहरा हसला. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. उस्ताद घरी परतले ते शीळ घालतच.

पुढच्या दाढीच्या वेळी लाल पानांच्या कडा बुळबुळीत झाल्या होत्या. पाण्यात दूध सांडल्यासारखा गढूळपणा होता. आजोबांनी डावा हात उचलून टाकीकडे बोट केलं, मग उस्तादांकडे बघितलं.

"नवीन जागा आहे ना आजोबा, रुळायला वेळ लागतो," उस्ताद म्हणाले.

आजोबा त्यांच्याकडे बघतच राहिले. "फार काही नाही, थोडंसं मागे पडतंय" असं सांगत लोकांनी आणून दिलेली पार मोडकी घड्याळं त्यांनी आयुष्यभर उघडून पाहिली होती. उस्तादांनी ब्रश पाण्यात बुचकळला आणि साबणाचा फेस करायला घेतला.

मग लेकीचा फोन आला. खुर्चीत एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलं होतं. ती सांगत होती की बाबा दुपारभर चमच्याने पलंगाच्या दांडीवर ठोकत होते. सांभाळायला ठेवलेल्या बाईंना वाटलं त्यांना तहान लागलीय, म्हणून त्या पुन्हा पुन्हा पाणी पाजत राहिल्या. मासे वर येऊन तोंडं उघडत होते ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. ती बँकेतून घरी आली तोवर बरेचसे मेले होते, आणि बाबांनी ते सगळं पडल्या पडल्या पाहिलं होतं.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "तुमच्यासारख्या जाणकाराचंही एखाद्या वेळी चुकतंच."

चिडली असती तर बरं झालं असतं. उस्तादांनी गिऱ्हाइकाची दाढी कशीबशी उरकली. ते आरशाखाली न बघता पैसे घ्यायला वळले तेव्हा गिऱ्हाईक टाकीकडे बघून म्हणालं, "काय फुललीय तुमची बाग!" उस्तादांनी उरलेले सुटे पैसे न मोजताच त्याच्या हातावर ठेवले.

घरी बायको मशीनवर बसली होती. ओळखीच्या एकांची टाकी बिघडलीय, त्यांनी सुरुवात केली. कुणी लावली होती, तिने सुईवरची नजर न काढता विचारलं. मग त्यांना सगळंच सांगावं लागलं. आजोबा, लेक, लाल पानं आणि सलूनमधल्या गप्पाही. मशीन थांबलं.

तिने फक्त रोपांबद्दल विचारलं. पानं कशी होती, देठ कसे होते. मग ती म्हणाली की ती लाल नि पट्ट्यांची रोपं कुंडीत वाढणारी. पाण्यात ठेवली की थोडे दिवस ताजी दिसतात, मग कुजतात आणि पाणीही नासवतात. आणि गडद पानांचं?

"ते वाळूत पुरलं. खोडासकट."

तिने डोळे मिटले. मग ती बोलली, तेही आवाज न चढवता.

"माझं नाव सांगितलं नाहीत, त्याचं मला एवढं काही नाही. पण ते रोप मी लाकडाला दोऱ्याने का बांधलंय, हे तुम्हाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

त्या रात्री उस्ताद जेवले नाहीत, मग तीही जेवली नाही, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दोघं आजोबांकडे गेली. आधी वाटेत तिने सलून उघडायला लावलं, तिथल्या टाकीतली काही पाती मुळांसकट काढून ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली. आजोबांच्या खोलीत ती अशी उभी राहिली की तिचे हात त्यांना पलंगावरून दिसावेत. कुजलेलं एकेक रोप तिने उपसून बादलीत टाकलं आणि त्यांच्या जागी आणलेली पाती रोवली. गडद पानांचं खोड एका बाजूने मऊ पडलं होतं. टणक भाग लागेपर्यंत तिने ते कापत नेलं आणि उरलेला तुकडा दोऱ्याने दगडावर बांधायला घेतला. थोडे मासे जिवंत होते. बोलताना ती आजोबांशी बोलत होती. हे खोड उघडं राहिलं पाहिजे बरं का आजोबा, याला गाडलं की ते गुदमरतं. आजोबा मान हलवत होते.

लेक चहा घेऊन आली. "वहिनी, तुम्हीसुद्धा सगळं यांच्याकडूनच शिकलात वाटतं?"

बायकोने गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. उस्तादांना वाटलं, हिने आता काहीतरी बोलून टाकावं, काहीही.

"ताई," शेवटी तेच म्हणाले, "मला यातलं काही येत नाही. सलूनमधली टाकी हिची आहे. मी लोकांना माझी म्हणून सांगत आलो. तुम्हालाही तेच सांगितलं."

लेकीने ट्रे टेबलावर ठेवला. "मला तेव्हाच नाही म्हणायचं होतंत," ती म्हणाली. "मी दुसरं कुणी बघितलं असतं."

त्यानंतर ती उस्तादांशी बोललीच नाही. बायकोला मात्र तिने बारीकसारीक विचारून घेतलं. दिवा किती वेळ लावायचा, पाणी किती बदलायचं, पान पिवळं पडलं तर काय करायचं. दोघी टाकीवर वाकल्या होत्या. मागे उस्ताद कुजक्या पानांची बादली हातात धरून उभे होते, आणि ती कुठे रिकामी करायची हे विचारायची त्यांची छाती होत नव्हती.

सलूनमध्ये त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. टाकी बायकोची, मला काही कळत नाही. गिऱ्हाइकं हसली. "उस्ताद, इतका विनय बरा नव्हे," एक जण म्हणाला. मग त्यांना पुन्हा, जास्त स्पष्ट सांगावं लागलं. एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं की मग आम्हाला जे सगळं सांगत होता ते काय होतं? ऐकीव होतं, उस्ताद म्हणाले. मग सलूनमध्ये नुसती कात्री वाजत राहिली.

बायकोने आजोबांची टाकी मार्गी लावली. ती अधूनमधून तिथे जाते. नवऱ्याशी ती पूर्वीसारखी बोलते, पण रोपांचा विषय तिने त्यांच्यासमोर काढलेला नाही.

दाढीचं काम लेकीने बंद केलं नाही. त्या प्रसंगानंतर उस्ताद पहिल्यांदा गेले तेव्हा ती बँकेत होती. पाणी स्वच्छ झालं होतं. आजोबांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून उस्ताद समोर बसले. वस्तरा हातात असला की समोरच्याच्या चेहऱ्यापासून नजर हटवता येत नाही.

"आजोबा," ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही बोट दाखवलंत ना, तेव्हाच मला कळलं होतं, काहीतरी चुकलंय म्हणून. तरी मी तुम्हाला खोटं सांगितलं."

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी हनुवटी वर केली, गळ्याखाली वस्तरा फिरवायला सोपं जावं म्हणून. ती माफी होती की नुसती सवय, उस्तादांना कळेना. त्यांनी सावकाश, फार सावकाश दाढी करायला घेतली.